मसाला द्या, कारणांसकट

धारणीसारख्या गावात घरची कृती मागणारं कुणी ना कुणी कायम असतं. मेळघाटातलं हे तालुक्याचं ठिकाण अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल या रस्त्याने दीडशेएक किलोमीटर पडतं. बऱ्हाणपूर त्याहून जवळ. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय, उपजिल्हा रुग्णालय, तहसील, शाळा यांच्यामुळे बदलीवरची कुटुंबं येतात, काही वर्षं राहतात आणि जातात. कोरकू, मराठी, हिंदी तिन्ही भाषा बाजारात कानावर पडतात. अशा गावात शेजारच्या डब्यातली भरली वांगी आवडली, की 'कशी केली?' हा प्रश्न यायचाच. उत्तर बहुधा 'काही नाही हो, घरचाच मसाला' असं असतं. त्यात विनय आहे, पण विचारणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. फार आग्रह झाला तर जिन्नसांची यादी मिळते, आणि ती परक्या चुलीवर हमखास फसते. भरल्या भाजीची कृती स्नेह्यांना द्यायची तर यादीसोबत तिच्यामागची कारणंही द्यायला हवीत, असं माझं म्हणणं आहे. कारण कळलं की हाताशी असेल त्या सामानात भाजी जमते.

यादी तशी कठीण नाही. अर्धा किलो लहान काटेरी वांग्यांना वाटीभर दाण्याचा कूट, अर्धी वाटी भाजलेलं सुकं खोबरं, दोन चमचे तीळ, खरपूस भाजलेले दोन कांदे, सात-आठ लसूण पाकळ्या, धणे-जिरे, तिखट, हळद, मीठ, काळा मसाला आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. कुणी खसखस घालतं, कुणी जवस. सांगायचं राहून जातं ते पुढचं. वांग्याचा गर हवेने भरलेला, स्पंजासारखा असतो. कच्चा असताना तो तेल पितो आणि शिजून खाली बसला की तेच तेल परत सोडतो. हे ठाऊक नसलेला माणूस सुरुवातीला कढई कोरडी दिसली म्हणून आणखी तेल ओततो, आणि शेवटी भाजी तेलात पोहते. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं. मंद आचेवर वेळ दिला तर तर्रीला त्याचाही हातभार लागतो. चिरलेलं वांगं हवेने काळं पडतं म्हणून मिठाच्या पाण्यात टाकायचं, पण भरण्याआधी चांगलं निथळायचं, नाहीतर ओल्या चिरेत मसाला टिकत नाही. देठ ठेवायचा, कारण चार चिरा दिलेलं वांगं त्यानेच एकत्र धरलेलं असतं. झाकणावर पाणी ठेवतात ते झाकण गार राहावं आणि आतली वाफ थेंब होऊन भाजीवरच पडावी यासाठी. रश्शाला पाणी लागलं तर तेच गरम झालेलं पाणी घालायचं.

कारणांचा खरा उपयोग भाजी बदलली की कळतो. विदर्भात ढेमसंही भरतात. ढेमशाला शिजताना भरपूर पाणी सुटतं, म्हणून वांग्याला चालणारा ओलसर मसाला तिथे पातळ होऊन बाहेर येतो. कोरडा कूट जास्त आणि कांदा कमी असा फरक करावा लागतो. कारल्याला मीठ चोळून पिळायचं, कारण मीठ पाण्याबरोबर थोडा कडूपणाही ओढून घेतं, आणि उरलेल्या कडूला गूळ-चिंचेची जोड द्यायची. ज्याला फक्त वांग्याची यादी मिळाली तो इथे अडतो.

यावर पहिला आक्षेप परंपरेचा येतो: असे बदल करू दिले तर आजीची कृती उरेल कुठे? पण आजीची कृती तरी केव्हापासूनची? कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात भरल्या वांग्यांची कृती आहे. त्यात सारण आहे मांसाचं. अकबराच्या काळातल्या 'आइन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचं आणि चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाचं वर्णन येतं, मात्र त्यातल्या पाककृतींत मिरची नाही. मिरची आणि शेंगदाणा दोन्ही अमेरिका खंडातले. पोर्तुगीज आल्यानंतरच ते आपल्याकडे पोचले. म्हणजे आज ज्या मसाल्याला आपण अस्सल वऱ्हाडी म्हणतो, त्याचे दोन मुख्य जिन्नस बाहेरून आलेले आहेत. भरण्याची रीत टिकली, सारण बदलत गेलं.

दुसरा आक्षेप गुपिताचा. घराची ओळख असलेला मसाला वाटून टाकला तर घराचं काय राहिलं? २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते त्या भागातल्या वांग्याला आहे, कुणाच्या घरच्या फोडणीला नाही. आणि वऱ्हाडात तरी हे गुपित कुणी पाळतं? हिवाळ्यात शेतात रोडग्यांचा बेत ठरतो तेव्हा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजले जातात आणि शेजारी मोठ्या पातेल्यात वांग्यांची भाजी सगळ्यांसमोर रटरटते. सातपुड्याच्या पायथ्याच्या बहिरमच्या यात्रेतही असंच उघड्यावर रांधतात. पन्नास माणसांसाठी एकेक वांगं भरत बसायला कुणाला सवड नसते. फोडी करून मसाल्यात घोळतात. सावकाश, एकेक भरायचं काम दहा-बारा वांग्यांचं, म्हणजे चार-सहा माणसांचं, आणि ते शिकवायलाही तेवढीच माणसं बरी.

'चव हातात असते, कागदावर उतरत नाही' हा तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं आणि वाटी-चमच्याच्या मापांनी असंख्य घरांत पोचलं. तरीही एकच पान उघडून केलेल्या दोन घरच्या भाज्या सारख्या लागत नाहीत, हे खरंच. मात्र ज्याला आपण हात म्हणतो तो बराचसा खुणा ओळखण्याचा सराव असतो, आणि खुणा सांगता येतात. कांद्याचा उग्र वास जाऊन गोडसर वास येईपर्यंत भाजायचा. खोबरं तांबूस झालं की उतरवायचं, काळं झालं की मसाला कडवटतो. देठाजवळ सुरी सहज गेली आणि कडेने तेल सुटलं की आच बंद. सराव मात्र उसना देता येत नाही, तो ज्याचा त्याने करायचा.

म्हणून या हिवाळ्यात कुणी कृती मागितली तर निरोपात यादी पाठवून मोकळे होऊ नका. पाव किलो वांगी जास्त आणा, मागणाऱ्याला स्वयंपाकघरात बोलवा आणि भरायला त्यालाच बसवा.