उंचावर नाडी का धावते?



कोरोनाच्या काळात बोटाला लावायचा तो छोटा चिमटा घराघरांत आला. कोरोना ओसरला, पण चिमटा काही गेला नाही. आता तो पर्समध्ये बसून मुंबईला जातो, हेर्मोनवर जातो, कोणाकोणाच्या खिशातून लेह-लडाखलाही जाऊन येतो. आणि मग मला फोन येतात. "विमानात बसले होते, काही दुखत-खुपत नव्हतं. सहज चिमटा लावला तर प्राणवायू 92 आणि नाडी 98! घरी माझी नाडी 76 असते. माझ्या हृदयाला काही झालं का गं?"

मी नर्सिंगचा डिप्लोमा मुंबईत केला आणि पुढची नोकरीची वर्षं इथे इस्रायलमध्ये काढली, त्यातली बरीचशी हृदयरोग्यांच्या वॉर्डात. डॉक्टर मी नाही. पण नाड्या खूप धरल्या आहेत. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आधी हवेचं समजून घेऊ. पुष्कळांना वाटतं की डोंगरावरच्या हवेत प्राणवायूचं प्रमाण कमी असतं. तसं नाही. अलिबागच्या किनाऱ्यावर हवेत प्राणवायू 21 टक्के आणि लेहलाही 21 टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. मलिद्यात खोबऱ्याचं प्रमाण तेच ठेवलं, पण ताटच लहान वाढलं, तर तोंडी येणारं खोबरं कमीच होणार ना? तसंच हे. समुद्रसपाटीला दाब 760 मिलिमीटर धरतात. विमान जरी दहा-अकरा किलोमीटरवरून उडत असलं तरी आतली हवा जास्तीत जास्त 2400 मीटर उंचीवर असते तेवढीच विरळ ठेवतात. म्हणजे खाली मिळतो त्याच्या पाऊणपट प्राणवायू. लेह 3500 मीटरवर आहे. तिथे मिळतो साधारण दोन तृतीयांश. आपलं यरुशलेम सुमारे 800 मीटरवर, तिथे फरक जाणवतसुद्धा नाही. उलट मृत समुद्रावर जाल तर तो समुद्रसपाटीच्या 430 मीटरहून खाली, तिथे श्वासागणिक पाचएक टक्के प्राणवायू जास्तच मिळतो.

आता शरीराला हे कळतं कसं? मानेच्या दोन्ही बाजूंना, जबड्याच्या खाली, जिथे बोट ठेवलं की ठोका लागतो, तिथे मोठी रक्तवाहिनी दुभंगते. त्या फाट्यावर तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ असते. ती सतत रक्ताची चव घेत बसते म्हणा ना. प्राणवायू कमी झाला की ती मेंदूला कळवते. मेंदू श्वास खोल करतो आणि हृदयाला वेग वाढवायला सांगतो. हा शोध लावणारे बेल्जियमचे हाइमन्स यांना 1938 सालचं नोबेल मिळालं.

वेग कशासाठी वाढवायचा? कोकणात विहिरीवरून पाणी आणलेल्या बायकांना हे सांगावं लागणार नाही. हंडा पूर्ण भरत नसेल तर खेपा वाढवाव्या लागतात. रक्ताची प्रत्येक खेप थोडी कमी प्राणवायू घेऊन निघते, म्हणून हृदय मिनिटाला जास्त खेपा घालतं. विमानात नाडी साधारण पाच-दहा ठोक्यांनी वाढते. लेहला पहिल्या दोन दिवसांत दहा-पंधराने, आणि जिने चढलात तर आणखी. वर विमानतळावरची धावपळ, बॅगांचं वजन, नातवंडांना सोडून निघाल्याची हुरहुर, कमी प्यालेलं पाणी, हे सगळं त्यात मिळतं. तेव्हा 76 ची 98 झाली यात नवल नाही. चिमट्यावरचे 92 सुद्धा विमानात निरोगी माणसाला दिसू शकतात. खाली उतरल्यावर दोन्ही आकडे जागेवर येतात.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. वेग वेगळा आणि ताल वेगळा.

आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी कीर्तनं ऐकली आहेत त्यांना पटकन कळेल. कीर्तन रंगात आलं की लय वाढते, झांजा भराभर वाजू लागतात, पण ताल सुटत नाही. निरोगी हृदयाचं प्राणवायू कमी झाल्यावर तसंच होतं. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ठोका सुरू करून देणारी जागा आहे. हुकूम तिचाच चालतो, फक्त ती तो लवकर लवकर देते. प्रत्येक ठोक्यात अंतर सारखं.

हे किती टोकापर्यंत खरं आहे ते 1985 साली अमेरिकेत पाहिलं गेलं. निरोगी तरुण पुरुषांना एका बंद खोलीत ठेवून 40 दिवसांत तिथला हवेचा दाब हळूहळू एव्हरेस्टच्या शिखराइतका उतरवला. तिथे समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशच प्राणवायू मिळतो. त्यांच्या रक्तातला आकडा साठच्याही खाली गेला. आपल्या वॉर्डात असा आकडा दिसला तर सगळे धावत सुटतील! त्यांची बसल्या जागची नाडी साठीच्या घरातून नव्वदच्या आसपास गेली, पण हृदयाचा आलेख काढला तर त्यात हृदय उपाशी असल्याची खूण नव्हती आणि धोक्याची बेताल लयही नव्हती. अर्थात ते तरुण होते, निवडलेले होते आणि हळूहळू वर नेलेले होते, हे विसरायचं नाही. आपण विमानाने तासाभरात लेहला उतरतो.

आता एक उलटी गोष्ट, जी नर्सेसना लवकर शिकावी लागते. मानेतली ती गाठ एकटी असती तर तिने हृदयाला हळू चालायला लावलं असतं! श्वास जोरात चालतो, फुप्फुसं फुगतात, तेव्हा तो हळू चालण्याचा हुकूम मागे पडतो आणि नाडी वाढते. पण श्वासच थांबला तर? मग नाडी खरोखर मंदावते. पाण्याखाली श्वास रोखून बुडी मारणाऱ्यांचं असंच होतं, थोडक्या प्राणवायूत जास्त वेळ काढायची ती शरीराची युक्ती आहे. म्हणूनच धाप लागलेल्या रुग्णाची नाडी 120 असेल तर आम्ही कामाला लागायचो, पण तीच नाडी अचानक 50 वर उतरली तर त्याहून जास्त घाबरायचो.

उंचावर झोपल्यावर हे दोन्ही प्रकार आळीपाळीने होतात. दहा-पंधरा सेकंद श्वास बंद, नाडी मंद. मग मोठा श्वास, नाडी जलद. पुन्हा बंद. शेजारी झोपलेल्या बायकोची झोप उडते आणि नवरा मात्र सकाळी "छान झोप लागली" म्हणतो. डोंगरावर नवीन आलेल्या निरोगी माणसांत हे नेहमीचं आहे. पण हेच जर अश्दोदला किंवा दिमोनाला, आपल्या घरच्या पलंगावर होत असेल, म्हणजे मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं, दचकून उठणं, तर ते नेहमीचं नव्हे. रात्रीच्या ड्युटीला पडद्यावर मी हे कितीतरी जणांचं पाहिलं आहे. वर्षानुवर्षं असं चाललं तर हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरू लागण्याचा धोका वाढतो आणि त्यातून रक्ताची गुठळी होऊन पक्षाघातही येऊ शकतो. कुपत खोलीममध्ये सांगा, झोपेची तपासणी करतात. घोरण्यावर हसून सोडून देऊ नका.

आणि वयाचं काय? सत्तरीत "निरोगी" म्हणजे काय, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारते. आपल्या वयात मधूनच एखादा जादा ठोका पडतो, मग क्षणभर थांबल्यासारखं होतं, छातीत पाल चुकचुकल्यासारखं. उंचावर असे ठोके आपल्यासारख्यांत थोडे वाढतात. एखाद-दुसरा असेल तर बहुतेक वेळा काळजीचं नसतं. पण ताल पूर्णच सुटला असेल, दोन ठोक्यांमधलं अंतर एकदाही सारखं नसेल, तर ते प्राणवायूचं साधं उत्तर नव्हे. मग आकडा 98 असो की 78. घरी आल्यावर बरं वाटलं तरी त्याचा आलेख काढून घ्यायचा.

हे ओळखायला चिमटा लागत नाही. अंगठ्याच्या खाली मनगटावर दोन बोटं ठेवा, अंगठा नको, कारण त्याचा स्वतःचा ठोका लागतो. पाच मिनिटं शांत बसल्यावर पूर्ण मिनिटभर मोजा आणि मोजताना पायाने ठेका धरून बघा. पाय ठोक्याबरोबर पडत राहिला तर ताल ठीक. पाय सारखा चुकत असेल तर ताल बिघडला. आजच घरी करून बघा, म्हणजे आपली नेहमीची नाडी कशी असते ते ठाऊक राहील.

ज्यांना नाडी हळू ठेवणाऱ्या गोळ्या आहेत त्यांची नाडी उंचावर फारशी वाढणार नाही. म्हणून "माझं हृदय सगळ्यांत मजबूत" असं समजू नका आणि प्रवासासाठी गोळी बंदही करू नका. रक्त कमी असेल, छातीचा जुना आजार असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. लेहला गेलातच तर पहिले दोन दिवस खरोखर आराम करा, ते दोन दिवस फुकट गेले म्हणून जावयाला कुरकुरू द्या.

छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, बसल्या जागी धाप, ओठ निळे, किंवा बसून राहूनही नाडी 120 च्या वर आणि बेताल, यातलं काहीही झालं तर आकडे पुन्हा पुन्हा मोजत बसायचं नाही. इथे 101, महाराष्ट्रात 108. विमानात लगेच हवाईसुंदरीला बोलवा, त्यांच्याकडे प्राणवायूची नळकांडी असते. डोंगरावर असाल तर प्राणवायू लावून लवकरात लवकर खाली उतरायचं.

चिमट्याबद्दल एक राहिलं. तो बोटातून प्रकाश पाठवून रक्ताचा रंग वाचतो. ही युक्ती जपानच्या आओयागी यांनी 1974 च्या सुमारास काढली. पण प्रकाशच नीट आरपार गेला नाही तर तो चुकतो. बोट गार असेल, नखाला गडद रंग असेल, हात हलत असेल तर आकडा भलताच येतो. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तो कधी कधी खऱ्यापेक्षा जास्तही दाखवतो. अर्धा मिनिट आकडा स्थिर होऊ द्या. आणि लग्नाला निघाला असाल तर मेंदीच्या रात्री एक बोट कोरं ठेवायला सांगा, गडद काळ्या मेंदीतून चिमट्याला काही दिसत नाही.