मोटारीचें कांचकवच आणि साबणाची निवड

आपल्या मुलखांतील रस्त्यांवर जी धूळ उडते ती एकाच जातीची नाहीं. ऊर्जानगराकडे औष्णिक वीजकेंद्राची राख, घुग्घुस व बल्लारपूर येथील खाणींच्या वाटेवर कोळशाची भुकटी, गडचांदूर-आवारपूर भागांत सिमेंटची धूळ आणि एटापल्ली तालुक्यांत सुरजागडच्या लोहखनिजाची तांबडी माती, अशीं तिचीं नाना रूपें आहेत. १९८२ सालीं चंद्रपुरापासून गडचिरोली जिल्हा निराळा झाला. परंतु धुळीनें ती सीमा कधींच मानली नाहीं. अशा प्रदेशांत ज्यांनीं काटकसर करून मोटार घेतली, त्यांपैकीं कित्येकजण तिचा रंग टिकावा म्हणून तिजवर सिरॅमिक कोटिंग करवून घेतात. त्यासाठीं हजारों रुपये मोजावे लागतात. आणि थोड्याच महिन्यांत ‘कोटिंग गेलें’ अशी तक्रार ऐकूं येते. वास्तविक पुष्कळ वेळां तें गेलेलें नसतें. तें झांकलें गेलेलें असतें, आणि झांकणारा पदार्थ आपण आपल्याच हातानें त्यावर चोळीत असतों. तो पदार्थ म्हणजे अयोग्य साबण. तेव्हां योग्य साबण कसा ओळखावा, ह्याचा येथें थोडा विचार करूं.

प्रथम हें कवच म्हणजे काय तें पाहूं. मोटारीच्या रंगावर कारखान्यांतच एक पारदर्शक लेप दिलेला असतो. त्यावर कोटिंग म्हणून जें द्रव लावितात त्यांत सिलिकॉनचीं संयुगें असतात. हवेंतील ओलाव्याशीं त्यांचा संयोग होऊन सिलिकॉन व ऑक्सिजन ह्यांचें कांचेसारखें घट्ट जाळें बनतें व तें खालच्या लेपास धरून बसतें. त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहून कितीतरी पटींनीं कमी असते. ह्या जाळ्याच्या वरच्या बाजूस पाण्याला दूर सारणारे अणुगट असतात. त्यामुळें पाणी पसरत नाहीं. अळवाच्या पानावरील थेंबाप्रमाणें गोळा होऊन घरंगळतें व जातां जातां धूळही घेऊन जातें. हें कवच म्हणजे चिलखत नव्हे. दगड लागला तर तें फुटतें, वाळूचा कण घासला तर त्यावर चरा पडतो. त्याचा मुख्य गुण हा कीं मळ त्याला घट्ट चिकटत नाहीं. अर्थात् जो साबण स्वतःच त्यावर चिकटून बसेल, तो ह्या गुणाचाच घात करील.

आतां साबणाकडे वळूं. अंगाचा व कपड्यांचा नेहमींचा साबण तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा ह्यांच्या संयोगानें होतो. मऊ पाण्यांत त्याचें काम उत्तम चालतें. परंतु राजुरा व कोरपना ह्या भागांत जमिनीखालीं चुनखडीचे थर आहेत. त्यांच्याच आधारावर तेथील सिमेंटचे कारखाने उभे आहेत. अशा भूमींतून झिरपलेलें विहिरीचें व बोअरचें पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार घेऊन वर येतें. ह्यालाच जड पाणी म्हणतात. जड पाण्यांत साबणाचा फेस होण्यापूर्वीं त्याच्या पांढुरक्या कण्या होतात व त्या पाण्यांत विरघळत नाहींत. न्हाणीघरांतील बादलीच्या कडेस जें चिकट करडें वलय दिसतें तें हेंच. हेंच वलय मोटारीवर पातळ थरानें बसलें म्हणजे पाण्याचे थेंब गोळा होईनासे होतात, धूळ चिकटूं लागते, आणि धनी समजतो कीं कोटिंग गेलें!

पहिल्या महायुद्धांत जर्मनींत चरबीची टंचाई पडली, तेव्हां १९१६ सालीं तेथील रसायनशास्त्रज्ञांनीं चरबीवांचून बनणारें धुण्याचें द्रव्य शोधून काढलें. पुढें ह्या मार्गानें जे डिटर्जंट निघाले ते जड पाण्यांत अशा कण्या धरीत नाहींत. मोटारीसाठीं मिळणारे आजचे शाम्पू ह्याच कुळांतले आहेत. पण डिटर्जंट म्हटला म्हणजे तो चालेलच असें नाहीं. कारण कपड्यांच्या पावडरींत धुण्याचा सोडा असतो, आणि तेथें दुसरा धोका उभा राहतो.

तो धोका अल्कलीचा. द्रव आम्ल आहे कीं अल्कली, हें मोजण्याची पी-एच नांवाची मोजपट्टी १९०९ सालीं सोरेन्सन ह्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानें दिली. सात हा आंकडा उदासीन. त्याखालीं आम्ल, त्यावर अल्कली. आणि प्रत्येक पायरीस तीव्रता दहापट बदलते. साध्या साबणाचा पी-एच नऊ-दहा, तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा अकराच्या आसपास असतो. आपल्या प्रयोगशाळेंत कॉस्टिक सोड्याच्या बाटलीस कांचेचें बूच लावीत नाहींत, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. तो सोडा कांचेस हळूहळू खातो व बूच बाटलींत धरून बसतें. कवचाचें जाळेंही कांचेचेंच भावंड आहे. एकदां सोड्याचें पाणी लागल्यानें तें नष्ट होत नाहीं. परंतु आठवड्यामागून आठवडे तेंच घडलें तर त्याचें आयुष्य खचित घटतें.

साबणाची पारख करण्यास मोठीं साधनें नकोत. पुढील तीन प्रयोग मुलांनीं वडील मंडळींच्या देखत घरीं करून पाहावे.

पहिला प्रयोग हळदीचा. हळद पाण्यांत कढवून त्यांत टिपकागद बुडवावा व सावलींत वाळवावा. शाम्पूचें पाणी त्यावर टाकल्यास कागद पिवळाच राहिला तर ठीक. तांबूस झाला तर तें द्रव अल्कली आहे असें समजावें. हळद आम्ल दाखवीत नाहीं, म्हणून शाळेंतील निळा लिटमस कागदही वापरावा.

दुसरा प्रयोग पाण्याचा. एका बाटलींत पावसाचें पाणी व दुसरींत बोअरचें पाणी घेऊन दोहोंत साबणाचा सारखाच कीस टाकावा आणि बाटल्या हलवाव्या. जेथें फेस कमी व कण्या फार, तें पाणी जड.

तिसरा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा. स्वच्छ कांचेच्या तुकड्यावर एक थेंब नुसत्या पाण्याचा व शेजारीं एक थेंब त्याच पाण्यांत कालविलेल्या शाम्पूचा ठेवून दोन्ही वाळूं द्यावे. शाम्पूचा डाग पाण्याच्या डागाहून पुष्कळ अधिक दाट व चिकट दिसला, तर तो शाम्पू आपल्या कामाचा नव्हे.

ह्यावरून निवडीचा नियम निघतो: साबण काय काढतो ह्यापेक्षां तो मागें काय ठेवितो हें पाहावें. बाटलीवर पी-एच उदासीन असल्याचा उल्लेख असावा. चकाकी देणारें मेण मिसळलेला शाम्पू घेऊं नये, कारण मेणाचा थर कवचास झांकतो. फार फेस हें गुणाचें लक्षण नव्हे. बोटांमध्यें द्रव बुळबुळीत लागलें पाहिजे, कारण त्या बुळबुळीतपणामुळेंच धुळीचे कण न घासतां निसटतात. भांडीं घासण्याची पावडर तर कधींच लावूं नये. तिच्यांत घासणारे कण असतात. रिठ्याचें पाणी अल्कली नसतें हें खरें, पण तें नीट गाळलें नाहीं तर त्याचा चोथा व डाग मागें राहतात.

उत्तम साबणही वाईट हातीं निकामी होतो. मे महिन्यांत चंद्रपुरास पारा ४७ अंशांवर जातो. अशा उन्हांत पत्र्यावर पाणी टाकतांच तें सुकतें व क्षार तेथेंच राहतात. म्हणून पहाटे किंवा सावलींत धुवावें. प्रथम नुसत्या पाण्यानें धूळ वाहूं द्यावी. राखेंत व मातींत सिलिकाचे कठीण कण असतात, ते कोरड्या फडक्यानें पुसल्यास ओरखडे पडतात. शाम्पू बाटलीवरील मापानेंच घ्यावा. दोन बादल्या ठेवाव्या: एक शाम्पूची व एक फडकें खळबळण्याची. शेवटीं मऊ मायक्रोफायबरच्या फडक्यानें पाणी टिपून घ्यावें. सिमेंटची धूळ दंवांत भिजून घट्ट होण्यापूर्वींच धुऊन काढावी. पाण्याचे पांढरे डाग राहिलेच, तर व्हिनेगरमध्यें बरोबरीचें पाणी घालून तें क्षणभर लावावें व लगेच धुवावें. कवच ‘गेलें’ असें ठरविण्यापूर्वीं हा उपाय अवश्य करून पाहावा. कित्येकदां थेंब पुन्हां पूर्ववत् गोळा होतात आणि हजारों रुपयांचा खर्च वांचतो.

एक विनंति मात्र सर्वांस आहे. मोटार झरपट, इरई किंवा वैनगंगेच्या पात्रांत नेऊन धुऊं नये. शाम्पू कितीही सौम्य असला तरी तो माशांचें अन्न नव्हे, आणि खालच्या गांवीं तेंच पाणी कोणाच्या तरी घागरींत जातें. दोन बादल्यांत काम होत असतां नळी सोडून ठेवणें हेंही उन्हाळ्यांत शेजाऱ्याच्या तहानेशीं बेइमानी करणेंच होय.

मुलांनो, आईबापांनीं घाम गाळून मिळविलेली वस्तु जपणें हा कंजूषपणा नव्हे. जें आपल्या हातीं सोंपविलें आहे त्याचे आपण कारभारी आहों, आणि कारभाऱ्याची परीक्षा मोठ्या कामांइतकीच लहान कामांत होते. पुढच्या रविवारच्या आधीं घरांतील साबणाची बाटली उचलून हळदीच्या कागदावर एक थेंब टाकून पाहा. पुस्तकांतील रसायनशास्त्र घराच्या अंगणांत उपयोगी पडलें, तरच आपण तें शिकलों असें म्हणतां येईल.