गोबरगॅस धुवायला पाणी किती? सिम्युलेशनमध्ये मॉडेल चुकलं की काय होतं ते बघा

घाटंजीला काकांच्या गोठ्यावर रोज साधारण १० घनमीटर गोबरगॅस निघतो. ढोबळमानाने त्यात ६० टक्के मिथेन, ४० टक्के कार्बन डायऑक्साइड. काकांनी विचारलं, "गॅस पाण्याने धुऊन घ्यायचा तर रोज पाणी किती लागेल रे?"

१० बार दाब आणि २५ अंश तापमान धरून मी फोनवरच हिशेब केला. राऊल्टचा नियम लावला, कारण तोच पाठ होता. उत्तर आलं ४५ लिटर, म्हणजे तीन बादल्या! काका खूश. खरं उत्तर होतं कमीत कमी १२०० लिटर.

चूक गणितात नव्हती, मॉडेलमध्ये होती. राऊल्टचा नियम समजतो की विरघळणारा पदार्थ आणि पाणी एकमेकांत अगदी सहज मिसळतात. २५ अंशांना द्रव कार्बन डायऑक्साइडचा बाष्पदाब सुमारे ६४ बार. आपल्या गॅसमध्ये त्याचा वाटा ४ बार. ४ भागिले ६४, म्हणजे द्रवातले सहा टक्के रेणू कार्बन डायऑक्साइडचे! प्रत्यक्षात पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, या पाहुण्याला सहसा आत घेत नाहीत. म्हणून इथे हेन्रीचा नियम लागतो. त्यातला स्थिरांक प्रयोगात मोजलेला असतो, साधारण १६५० बार. आता ४ भागिले १६५० करा. किलोभर पाण्यात जेमतेम ६ ग्रॅम गॅस, जवळपास सोड्याच्या बाटलीइतका. फरक २५ पटींचा.

आणखी एक गंमत. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड कितीही दाबला तरी द्रव होत नाही, त्यामुळे त्याला बाष्पदाबच उरत नाही. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी राऊल्टला उभं राहायलाही जागा नाही! हेन्रीचा स्थिरांकही तापमानाप्रमाणे बदलतो. पाणी ४० अंशांवर गेलं की १२०० चे १८०० लिटर होतात.

मग कुठे काय वापरायचं? तेलात हायड्रोकार्बन वायू शोषायचे असतील तर पेंग-रॉबिन्सन (१९७६) छान चालतं. पाण्यासाठी तेच घेतलं तर पाणी आणि वायू यांच्या जोडीचा गुणांक नीट भरावा लागतो, तो शून्य ठेवला तर आकडा फसतो. पाण्याऐवजी अमाईनचं द्रावण असेल तर नुसता हेन्रीही पुरत नाही. तिथे रासायनिक क्रिया होऊन आयन तयार होतात, म्हणून इलेक्ट्रोलाइट एनआरटीएलसारखं मॉडेल लागतं.

करून बघायचं असेल तर डीडब्ल्यूसिम हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प ते कॉलेजांमध्ये शिकवतो. पूर्ण टॉवर मांडण्याआधी एकच बिंदू तपासा: २५ अंश, १ बार शुद्ध कार्बन डायऑक्साइड, किलोभर पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास यायला हवा. नाही आला, तर मॉडेल बदला.

काकांचं म्हणाल तर दाब सोडला की पाण्यातला बराच गॅस निघून जातो आणि तेच पाणी पुन्हा फिरवता येतं. आता टाकी बघतोय, पण मे महिन्याचा आकडा धरून.