स्कूबाला नेणाऱ्याची जबाबदारी कुठपर्यंत?

सुट्टीत जळगाव-धुळ्याहून मालवणला निघालेल्या गाडीत हल्ली स्कूबा ठरलेलाच असतो. आपण तापीकाठचे, पोहता येतं म्हणून बिनधास्त. पण इथे प्रश्न पोहण्याचा नाही, श्वासाचा आहे. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. तिथे छाती भरून घेतलेला श्वास रोखून वर आलात, तर तीच हवा दुप्पट फुगायला बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून ‘श्वास रोखायचा नाही’ हे पाण्यात उतरण्याआधी, तुम्हाला समजेल असं सांगणं हे नेणाऱ्याचं पहिलं काम. दमा आहे का, कान दुखतो का, रात्री घेतली होती का, हेही त्यानं विचारायलाच हवं. न विचारता सूट चढवायला लागला, तर मी तरी पैसे सोडून देईन.

आणि वर आलो की सुटलो, असं नाही हं. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली, दोन पर्यटक गेले. पाण्याखाली नाही, परतीच्या वाटेवर. तेव्हा बुकिंगच्या फोनवरच विचारा: बोटीत किती जण? लाइफ जॅकेट परततानाही अंगात असतं ना? खाली एका माणसाकडे किती नवखे? त्याला हात दोनच असतात.