चूक ड्रायव्हरची, भरपाई मालकाची

नियम : नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीची नुकसानभरपाई मालकानेही द्यायची. मालकाची स्वतःची चूक सिद्ध करावी लागत नाही. शिक्षेचं तसं नाही. निष्काळजी गाडी चालवल्याचा खटला ड्रायव्हरवरच चालतो.

नोकर की ठेकेदार? : सातारा-सांगलीत ऊस ओढणारे ट्रॅक्टर बहुधा कारखान्याचे नसतात, वाहतूकदाराचे असतात. ड्रायव्हर त्याचा, म्हणून पहिली जबाबदारी त्याची. कारखान्याशी करार आहे, एवढ्यावर कारखाना मालक ठरत नाही. काम कसं करायचं, हा हुकूम कोणाचा, हे कोर्ट पाहतं.

- ठेकेदाराचा मजूर मुख्य मालकाच्या नेहमीच्या धंद्यातलं काम करताना जखमी झाला, तर कामगार भरपाईच्या कायद्यानुसार (१९२३च्या कायद्यात कलम १२) मुख्य मालकाकडे मागणी करता येते. तो ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करू शकतो.
- एसटीच्या ड्रायव्हरची चूक असेल तर महामंडळ जबाबदार.

नागपूर–पांढुर्णा, १९६० : रणजित जिनिंग कंपनीचा मॅनेजर कंपनीच्या कामासाठी कंपनीची मोटार घेऊन निघाला, सोबत एकाला बसवलं. अपघातात तो प्रवासी गेला. १९७७मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीला जबाबदार धरलं.

सरकार मालक असेल तर : कलेक्टरच्या जीपचा अपघात, सरकार जबाबदार (१९६२). पोलीस मालखान्यातलं सोनं हवालदाराने लांबवलं, सरकार सुटलं (१९६५). जप्त माल सांभाळणं हे सार्वभौम, म्हणजे फक्त सरकारनेच करायचं, काम मानलं गेलं.

दावा कुठे? : मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. अपघात सांगलीत, राहणं साताऱ्यात, तर साताऱ्यातही चालतो. १ एप्रिल २०२२पासून कायद्यात मुदत सहा महिन्यांची.