होमरच्या छंदातली स्तोत्रं

माझ्या संस्कृतच्या विद्यार्थिनींना मी ओलिंपिया मोराताबद्दल आवर्जून सांगते. अभिजात भाषा शिकलेल्या बाईने त्या विद्येचं काय करावं, हे मला तिच्या आयुष्यात स्पष्ट दिसतं.

ओलिंपिया १५२६ साली इटलीतल्या फेरारा शहरात जन्मली. वडील लॅटिनचे पंडित. ड्यूकची मुलगी आना हिची सहाध्यायी म्हणून ती दरबारात राहिली, ग्रीक शिकली आणि किशोरवयातच सिसेरोवर व्याख्यानं देऊ लागली. दरबाराला तिचं कौतुक होतं, पण ते दागिन्याचं असावं तसं. १५४८मध्ये आना लग्न होऊन फ्रान्सला गेली, ओलिंपियाचे वडील वारले आणि दरबाराने तिला दूर केलं.

या पडत्या काळात ती प्रॉटेस्टंट विचारांकडे ओढली गेली. धर्माच्या बाबतीत अखेरचा शब्द बायबलचा, असं हा पंथ मानत होता. त्यामुळे बायबलमधला नवा करार मूळ ग्रीकमधून वाचू शकणाऱ्या ओलिंपियाला कुणा मध्यस्थाची गरज नव्हती. पण इटलीत अशा लोकांची धरपकड चालली होती. आंद्रेआस ग्रुंटलर या जर्मन डॉक्टरशी लग्न करून, धाकट्या भावाला सोबत घेऊन, १५५०मध्ये तिने आल्प्स ओलांडला.

नवऱ्याच्या गावी, श्वाइनफुर्टला, तिने बायबलमधली स्तोत्रं ग्रीक पद्यात आणली. त्यांतल्या काहींसाठी तर तिने होमरचा छंद निवडला. ज्या छंदात ग्रीकांनी आपले देव आणि योद्धे गायले, त्यात आता या स्तोत्रांचा कर्ता मानल्या जाणाऱ्या दाविदाचा धावा उमटला. ग्रुंटलरने या रचनांना चाली लावल्या.

१५५४मध्ये वेढ्यानंतर श्वाइनफुर्ट जाळलं गेलं. ओलिंपिया अनवाणी, फाटक्या कपड्यांत जीव वाचवून निघाली. पुस्तकं, हस्तलिखितं सारं गेलं. हायडेलबर्गला पोचल्यावर, तापाने खंगलेली असताना, आठवतील तेवढ्या कविता उतरवून तिने बासेलला कुरिओने या स्नेह्याकडे पाठवल्या. ऑक्टोबर १५५५मध्ये ती गेली, तेव्हा तिशीचीही नव्हती. कुरिओनेने १५५८मध्ये तिचं लेखन छापलं.

त्यात तिची पत्रंही आहेत. मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते आनाला लिहिलेलं. आना आता गीझच्या ड्यूकची, फ्रान्समधल्या बड्या कॅथलिक सरदाराची, बायको होती. तिथे श्रद्धेपायी जिवंत जाळल्या जाणाऱ्या निरपराधांसाठी तू शब्द टाक, अशी विनंती ओलिंपियाने तिला केली. स्वतः निर्वासित असताना तिने जुन्या मैत्रीच्या हक्काने स्वतःसाठी आसरा मागितला नाही, इतरांचे प्राण मागितले. विद्या आणि श्रद्धा या दोन्हींची खरी कसोटी मी इथे मानते.