गुप्त विजय नको, उघडा हक्क हवा!

कोर्टात येणाऱ्या प्रत्येक पक्षकाराला एक गोष्ट पहिल्याच दिवशी समजावून सांगावी लागते. जे रेकॉर्डवर नाही ते घडले असे कोर्ट मानत नाही. अन्याय झाला हे साऱ्या गावाला ठाऊक असते. पण पंचनामा नाही, साक्षीदार नाही, कागद नाही, मग तो अन्याय कोर्टाच्या दारातच मरतो. पराक्रमाचेही तसेच आहे. नोंदवही ज्यांच्या हाती, त्यांचाच पराक्रम इतिहासात जातो. बाकीच्यांचा पराक्रम हा ऐकीव पुरावा ठरतो. अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलचे कृष्णवर्णीय प्रशिक्षक जॉन मॅकलेंडन यांचे आयुष्य आम्ही आज वाचकांपुढे ठेवतो आहोत ते याचसाठी. खेळाच्या पानावर वाचून सोडून द्यावी अशी ही कहाणी नाही.

१२ मार्च १९४४, रविवारची सकाळ. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील डरहॅम शहर. गावातील बहुतेक लोक चर्चमध्ये गेले होते. पोलिसांचेही लक्ष नसणार, ही वेळ मुद्दामच निवडलेली. ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचे गोरे विद्यार्थी उसन्या गाड्यांतून, वळणावळणाच्या रस्त्याने नॉर्थ कॅरोलिना कॉलेज फॉर निग्रोजच्या व्यायामशाळेत आले. दारे आतून बंद झाली. प्रेक्षक नाहीत. एका स्थानिक कृष्णवर्णीय वृत्तपत्राच्या बातमीदाराला सुगावा लागला होता. पण त्यानेही एक ओळ न छापण्याचे कबूल केले. मग सामना झाला. गोऱ्यांचा हा संघ साधासुधा नव्हता. त्यातील अनेकजण पूर्वी आपापल्या कॉलेजांकडून खेळलेले होते. सुरुवातीची काही मिनिटे दोन्ही बाजू बिचकत खेळल्या. नंतर मॅकलेंडन यांच्या मुलांनी असा वेग धरला की ८८-४४ असा दुप्पट फरकाने सामना जिंकला. त्यानंतर जे घडले ते अधिक धोक्याचे होते. दोन्ही संघांनी खेळाडूंची अदलाबदल केली आणि गोरे-काळे एकाच बाजूने खेळले.

यात धोका कसला, असे आजच्या वाचकाला वाटेल. १८९६ साली प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले होते. तेव्हापासून दक्षिणेकडील राज्यांत शाळा वेगळी, बसमधील बाक वेगळे, पाण्याचा नळ वेगळा. 'वेगळे' तेवढे काटेकोर पाळले जाई, 'समान' कागदावरच राही. त्याच वर्षी ८ जुलै रोजी त्याच डरहॅममध्ये बुकर स्पाइसली या कृष्णवर्णीय सैनिकाचा बसमधील जागेवरून ड्रायव्हरशी वाद झाला. ड्रायव्हरने त्याला गोळी घालून ठार केले आणि केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने त्या ड्रायव्हरला निर्दोष सोडले. मरणारा देशाच्या सैन्याचा गणवेश घातलेला होता! हिटलरच्या वंशवादाविरुद्ध लढणाऱ्या देशाच्या सैन्यात त्या वेळी काळ्यांच्या तुकड्या वेगळ्याच होत्या. अशा शहरात, त्या खुनाच्या अवघे चार महिने आधी, एका एकोणतीस वर्षांच्याही न झालेल्या प्रशिक्षकाने तो सामना घडवून आणला होता.

मॅकलेंडन यांचा जन्म ५ एप्रिल १९१५ रोजी कॅन्सस राज्यातील हायवाथा येथे झाला. १९३३ साली ते कॅन्सस विद्यापीठात दाखल झाले. तेथे डॉ. जेम्स नायस्मिथ शिकवीत होते. १८९१ साली स्प्रिंगफिल्ड येथे बास्केटबॉल हा खेळ ज्यांनी शोधून काढला तेच हे नायस्मिथ. वडिलांच्या सांगण्यावरून तरुण मॅकलेंडन थेट त्यांच्या खोलीत गेले आणि 'तुम्ही माझे मार्गदर्शक' असे सांगून मोकळे झाले. नायस्मिथ यांनी त्यांना शिष्य केले. परंतु विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीयाला जागा नव्हती. खेळ शोधणाऱ्या माणसाकडून खेळ शिकायचा आणि तोच खेळ विद्यापीठासाठी खेळायचा मात्र नाही, अशी ती व्यवस्था होती. गुरू उदार होता, पण गुरूच्या उदारपणाने संस्थेचा नियम बदलत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी पोहणे आवश्यक होते. मॅकलेंडन तलावात उतरले. ते पोहून गेल्यावर तलावातील सारे पाणी काढून टाकण्यात आले. चवदार तळ्याचा इतिहास ज्यांना पाठ आहे त्यांना याहून अधिक काही सांगण्याची गरज नाही. १९२७ साली महाडला शेण-गोमूत्राच्या १०८ घागरी ओतल्या गेल्या, कॅन्ससला पाणी उपसले गेले. पद्धत निराळी, रोग एकच. मॅकलेंडन मागे हटले नाहीत. नायस्मिथ यांचा पाठिंबा त्यांना होता, आणि पुढे तो तलाव सर्व विद्यार्थ्यांना खुला झाला. १९३६ साली त्या विद्यापीठातून शारीरिक शिक्षणाची पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. पुढच्याच वर्षी आयोवा विद्यापीठातून त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळवली.

मग ते डरहॅमला आले. १९४० पासून मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी जी शैली घडवली ती आज जगभर खेळली जाते. त्या काळी बास्केटबॉल हा संथ खेळ होता. चेंडू सावकाश पुढे न्यायचा, जागा धरायची, थांबून नेम धरायचा. मॅकलेंडन यांनी सांगितले, संपूर्ण मैदान आपले आहे. चेंडू हाती येताच धावत सुटा, समोरचा सावरण्याआधी बास्केट करा आणि चेंडू गेला तर तेथूनच, त्याच्याच टोकाला त्याला अडवा. यालाच आज 'फास्ट ब्रेक' आणि 'फुल कोर्ट प्रेस' म्हणतात. यासाठी दमसास लागतो, म्हणून त्यांची मुले मैलोन्‌मैल धावत. गोऱ्या समीक्षकांनी पुढे या वेगवान खेळाला काळ्यांची 'नैसर्गिक देणगी' म्हटले. नैसर्गिक कसली? ती शारीरिक शिक्षणशास्त्राच्या पदवीधराने बसवलेली पद्धत होती. त्यावर त्यांनी १९६५ साली पुस्तकही लिहिले. शोषिताने डोक्याने केलेले काम त्याच्या अंगाच्या खात्यावर जमा करायचे, ही प्रस्थापितांची जुनी लबाडी आहे.

आता त्या गुप्त सामन्याकडे परत या. ८८-४४ हा आकडा कोणत्याही नोंदवहीत गेला नाही. अर्धशतकाहून अधिक काळ तो सहभागी लोकांच्या आठवणीतच राहिला. १९९६ साली इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांनी तो उजेडात आणला. बंद दाराआड मिळवलेला विजय मनाला बळ देतो, पण हक्क देत नाही. आमच्या मते मॅकलेंडन यांचे मोठेपण येथेच आहे. गुप्त विजयावर ते समाधान मानून बसले नाहीत. त्यांनी उघडी स्पर्धा मागितली.

त्यासाठी त्यांनी आधी आपले घर बांधले. १९४६ साली कृष्णवर्णीय कॉलेजांची सीआयएए स्पर्धा सुरू करणाऱ्यांत ते होते. १९५० साली त्यांचा खेळाडू हॅरोल्ड हंटर आणि वेस्ट व्हर्जिनिया स्टेटचा अर्ल लॉइड या दोघांना ते वॉशिंग्टन कॅपिटल्स संघाच्या चाचणीला घेऊन गेले. एनबीएतील संघाशी करार करणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीयांत हे दोघे होते. हंटरला अखेर संघातून वगळले गेले. पण ३१ ऑक्टोबर १९५० रोजी लॉइड मैदानात उतरला आणि एनबीएच्या सामन्यात खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला.

याच काळात कृष्णवर्णीय कॉलेजांना राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळावा म्हणून मॅकलेंडन व त्यांचे सहकारी अर्ज-विनंत्या करीत होते. एनसीएए या बलाढ्य संघटनेने दाद दिली नाही. कॅन्सस सिटीत स्पर्धा भरवणाऱ्या एनएआयए या संघटनेने १९५३ साली दार उघडले. पण दार उघडले म्हणजे मान मिळाला असे नसते. १९५४ साली मॅकलेंडन टेनेसी ए अँड आय या नॅशव्हिलच्या कॉलेजात आले आणि कॅन्सस सिटीचे आमंत्रण आले तेव्हा त्यांनी अट घातली. इतर संघ ज्या हॉटेलांत उतरतात तेथेच माझी मुले उतरतील, इतर जेथे जेवतात तेथेच जेवतील. नाहीतर आम्ही येत नाही. अट मान्य झाली आणि शहराच्या मध्यभागातील हॉटेलचे दार उघडले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील विभक्तता घटनाबाह्य ठरवणारा ब्राऊन खटल्याचा निकाल त्याच वर्षी दिला होता. पण निकाल लागणे वेगळे आणि त्याची अंमलबजावणी करून घेणे वेगळे. मैदानात या, पण पंगतीत बसू नका, असा प्रवेश त्यांनी स्वीकारला नाही. आमंत्रण पदरात पडताच हुरळून जाणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावा.

पुढे काय झाले? त्या स्पर्धेत ३२ संघ असत आणि विजेत्याला एका आठवड्यात पाच सामने जिंकावे लागत. टेनेसी ए अँड आयने १९५७ साली ती स्पर्धा जिंकली. गोऱ्या-काळ्यांच्या एकत्र राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय कॉलेज. १९५८ साली पुन्हा जिंकली. १९५९ साली पुन्हा. सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणारा त्यांच्याआधी कोणी कॉलेज प्रशिक्षक झाला नव्हता. दार उघडले तर गुणवत्ता घसरेल अशी भीती घालणारे प्रत्येक देशात असतात. त्यांना या तीन वर्षांनी उत्तर दिले आहे.

यानंतर मॅकलेंडन क्लीव्हलंड पायपर्स या संघाकडे गेले. १९६१ साली हा संघ व्यावसायिक लीगमध्ये उतरला आणि ते अशा लीगचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाले. संघाचे मालक होते जॉर्ज स्टाइनब्रेनर, जे पुढे न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचे मालक म्हणून गाजले. खेळाडूंचे पगार थकले तेव्हा मॅकलेंडन खेळाडूंच्या बाजूने उभे राहिले आणि जानेवारी १९६२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या बिल शर्मन यांच्या हाताखाली त्याच संघाने त्या हंगामाचे विजेतेपद मिळवले. झाड लावणारा एक, फळ खाणारा दुसरा! पण कामगाराच्या घामाच्या पैशापुढे त्यांनी खुर्ची मोलाची मानली नाही.

१९६६ साली क्लीव्हलंड स्टेट येथे ते गोऱ्यांचे प्राबल्य असलेल्या विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाले. तेथील तीन हंगामांत विजयांपेक्षा पराभव जास्त झाले. १९६९ साली डेन्व्हर रॉकेट्स या व्यावसायिक संघाने त्यांना नेमले आणि अवघ्या २८ सामन्यांनंतर काढून टाकले. हे आम्ही लपवत नाही. उलट त्यावरून एक प्रश्न विचारतो. नायस्मिथ हे कॅन्सस विद्यापीठाचे पहिले प्रशिक्षक. त्यांचेही पराभव विजयांपेक्षा जास्त होते. म्हणून गोऱ्यांना बास्केटबॉल शिकवता येत नाही असे कोणी म्हटले काय? वरच्या थरातील माणूस हरला तर तो एकटा हरतो. खालच्या थरातील माणूस हरला तर त्याची सारी जमात नालायक ठरवली जाते. म्हणूनच समतेत जिंकण्याच्या हक्काइतकाच हरण्याचा हक्कही येतो. हरल्यावर पुन्हा संधी मिळण्याचा हक्क येतो. तो जोवर मिळत नाही तोवर 'पहिला' म्हणून नेमणूक करणे हा केवळ देखावा असतो.

शेवटचा मुद्दा नोंदीचा. कारकिर्दीत ५०० हून अधिक विजय मिळवणाऱ्या या प्रशिक्षकाला १९७९ साली नायस्मिथ यांच्याच नावाच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. पण कोणत्या रकान्यात? 'प्रशिक्षक' म्हणून नव्हे, तर खेळाला हातभार लावणारा म्हणून! सलग तीन विजेतेपदे प्रशिक्षक म्हणून मिळवायची आणि नोंद मात्र मदतनिसाच्या रकान्यात व्हायची. ८ ऑक्टोबर १९९९ रोजी मॅकलेंडन गेले. प्रशिक्षक म्हणून त्यांची नोंद झाली ती २०१६ साली, मृत्यूनंतर सतरा वर्षांनी.

ही दुरुस्ती आपोआप झाली असे समजू नये. त्यांच्या टेनेसी संघाचा खेळाडू डिक बार्नेट पुढे न्यूयॉर्क निक्सकडून १९७० आणि १९७३ साली विजेता ठरला, नंतर त्याने शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. म्हातारपणी त्याने आपल्या जुन्या संघाच्या मान्यतेसाठी वर्षानुवर्षे दारे ठोठावली. २०१९ साली १९५७ ते १९५९ चा तो सारा संघ हॉल ऑफ फेममध्ये गेला. स्वतः बार्नेटची निवड २०२४ साली झाली आणि २०२५ साली तो वारला. गुरूने शिष्यांसाठी हॉटेलचे दार उघडून घेतले होते, शिष्यांनी गुरूच्या काळाची नोंद करून घेतली.

आमचे म्हणणे एवढेच आहे. माणसे जिवंत असताना त्यांचे काम लिहून ठेवा, कागद जपा, तारखा जपा. आणि आपल्या माणसाचे नाव कुठे लागले तर नुसत्या टाळ्या वाजवू नका. ते कोणत्या रकान्यात लागले आहे हे आधी तपासा. चुकीच्या रकान्यातली नोंद हाही अन्यायच असतो आणि त्याविरुद्ध अपील करायला मुदतीचे बंधन नाही.